पोलादी तोफांची गुराब

बाळांनो, काल फोनवर तुम्ही बंदरातल्या शिडाच्या जहाजाबद्दल सांगितलंत, म्हणून लगेच लिहिते. मीही एक जहाज पाण्यात उतरताना पाहिलंय, इथे स्मृति नगरच्या बागेतल्या हौदात.

इथल्या पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोज बागेत बसून गुराब, म्हणजे शिवकालीन लढाऊ जहाज, छोट्या आकारात सागवानात घडवत. फळी घासली की डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवत. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता; पण जहाज खरंच तरंगावं, हा त्यांचा ध्यास होता.

विश्वकर्मा पूजेला नारळ फोडून त्यांनी ते पाण्यात सोडलं, आणि ते लगेच कलंडलं. वरच्या तोफा त्यांनी अस्सल पोलादाच्या केल्या होत्या.

"लाकडाच्या जहाजावर लोखंड काहून चढवलं?" शेजारी उभी त्यांची बायको म्हणाली. "प्लांट सुटला, सवय नाही सुटली."

हसत त्यांनी तोफा काढून जहाजाच्या तळाशी रचल्या. आता ते ताठ उभं राहिलं, शीड फुगलं आणि जहाज पार पलीकडच्या काठाला लागलं. माझ्या टाळ्या थांबेनात.

"आता तोफा कुठे लावणार?" मी विचारलं.

"राहू द्या पोटात, ताई. आपल्याले लढाई थोडी करायची हाय? उभं राहाले पायजे."

पुढे ते गावी परतले. जहाज बागेशेजारच्या वाचनालयात आहे, आणि हौदात सोडलं की अजूनही तरंगतं.