पत्र्याखालच्या गाई

थोरल्या जाऊबाईंना घरात सगळे पाठीमागे ‘फौजदार’ म्हणायचे. साधं दूध नासलं तरी त्या आधी माणूस शोधायच्या, कारण मग. त्या उन्हाळ्यात त्यांच्या चारही गाई एकामागून एक उलटल्या. रेतन करावं, आता राहिली म्हणून निश्चिंत व्हावं, तर गाय पुन्हा माजावर. भिंतीपलीकडे धाकट्या जावेच्या गाई मात्र गाभण.

पहिला संशय रेतन करणाऱ्यावर. ‘‘रेताच्या शिळ्या कांड्या भरतोस का रे?’’

‘‘त्याच कांड्या पलीकडे भरल्या, बाई. तिथं गाई राहिल्या.’’

‘पलीकडे’ हा शब्द बाईंनी पक्का धरला. वाटणी झाल्यापासून दोघी जावांचं बोलणं बंद होतं. त्यात दुपारी झोपून उठल्यावर गोठ्यात ओल दिसायची, ओलीत बाईमाणसाच्या चपलेचे ठसे. धाकटी गाईंना काहीतरी पाजते, याबद्दल बाईंची खात्रीच पटली.

एका दुपारी त्या पेंडीच्या पोत्यांमागे दबा धरून बसल्या. वर नवा कोरा पत्रा. थोड्या वेळात अंगातून घामाच्या धारा लागल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. समोर गाई जिभा बाहेर काढून धापा टाकत होत्या. एवढ्यात धाकटी बादली घेऊन आत आली.

‘‘सापडलीस! काय आहे त्यात?’’

धाकटी दचकली, पण हातातली बादली तिने सगळी गाईच्या पाठीवर रिती केली. ‘‘पाणी. तुम्ही पंख्याखाली झोपता, ह्या इथं भाजतात. मला बघवत नाही.’’

बाईंनी बादलीत नाक घालून वास घेतला.

‘‘विषच घालायचं असतं, तर तुमच्या चहात घातलं असतं, जाऊबाई!’’

बाईंना बोलायचं होतं, पण घेरी आली. धाकटीनेच त्यांना धरून सावलीत नेलं.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी गाईंचा ताप मोजला आणि वर पत्र्याकडे पाहिलं. ‘‘गर्भ धरत असणार, बाई. पण सुरुवातीला तो मोजक्या पेशींचा, इवलासा जीव. गाईचं अंग असं तापलं की त्याला सोसत नाही. पहिल्या काही दिवसांतच मरतो, विरून जातो. तुम्हाला वाटतं, राहिलीच नाही.’’

बाईंचा चेहरा पडला. इतके जीव आले नि गेले, आणि बाई चपलांचे ठसे बघत बसल्या होत्या.

त्यांनी पत्र्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर घातला. भर दुपारी गाई कुठे बांधायच्या, हे मात्र धाकटीलाच विचारावं लागलं.

‘‘माझ्या झाडाखाली बांधा,’’ धाकटी म्हणाली. ‘‘शेण तुम्ही उचलायचं.’’

हवा थंडावल्यावर तीन गाई गाभण राहिल्या. चौथी पुन्हा उलटली. डॉक्टरीणबाई तपासायला आल्या, तेव्हा बाई त्यांच्या कानाशी वाकल्या.

‘‘हिला तरी कुणी काही दिलं नसेल ना हो?’’