दांडा फिरवणारी

"तू नाल्यापाशी हात आखडतं, वच्छला. काल मी सवता पाह्यलं."

"पाह्यलं तं पाह्यलं."

"रुपाबाई खेळाले बसली का हळू. आन् ग्यानबा बसला का धाडधाड! तो केनवडभर सांगून राह्यला, का माणिकरावच्या खेळात खोट हाये."

"तो कायले चांगलं म्हणते? मागच्या बाजारी म्हणे जीपचा रंगच पांचट हाये."

"रंगाचं सोड. खोट हाये का नाही?" माणिकरावांनी पितळी बाजूला सारली. "हाये! तुह्या हातात हाये!"

सून अंजना चुलीपाशी भाकरी थापत होती. सासऱ्यांचा आवाज चढला तशी तिनं भाकरीवरची थाप हळू केली. वच्छलानं तिच्याकडे पाहून म्हटलं, "करप देऊ नको." आणि नवऱ्याला म्हणाली, "मंग दुसरं माणूस पाहा दांड्यावर."

भांडण ज्या खेळावरून चाललं होतं, तो माणिकरावांनी घरीच बनवला होता. चौदा वर्षं त्यांनी मलेरिया खात्याची जीप चालवली. रिसोड तालुक्यात पांदण म्हणून जी काही होती, ती त्यांना तोंडपाठ होती. मग डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले आणि जीप सुटली. वर्षभर ते ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे गिअर आवाजावरून ओळखत राहिले. एक दिवस भंगारातून जीपचं स्टेअरिंग घेऊन आले आणि वच्छलाला म्हणाले, "बारा हात मांजरपाट लागते."

त्या मांजरपाटावर त्यांनी रस्ता रंगवला. काळी माती, बाभळी, गोटे, चाकोऱ्या, मधे गोट्यांनी भरलेला एक नाला. वच्छलानं कापडाची दोन्ही टोकं जोडून शिवली, आणि जिथं जिथं गोटा रंगवला होता तिथं तिथं पितळेचं बटण टाकलं. हे कापड लाकडी खोक्यात दोन रुळांवर चढवलं. समोर काच, काचेमागे पत्र्याची बोटभर जीप, तिची तार स्टेअरिंगला. कापड खाली सरकत राही, बघणाऱ्याला वाटे जीप पुढं पळते आहे. जीपची तार बटणाला लागली की सेलवरची घंटी वाजे. तीन घंट्या झाल्या की खेळ संपला.

रूळ फिरवायचा दांडा खोक्याच्या मागं होता. त्याच्यापुढं गोणपाटाचा पडदा, आणि पडद्यामागं वच्छला. माणिकराव लोकांना सांगत, आत मशीन आहे. बाई पडद्यामागं जाताना लोकांना दिसे, पण ती सामान राखायला बसली आहे असंच सगळे धरून चालत.

त्यामुळं खेळणाऱ्यांची मतं मशीनला ऐकू येत होती. एस. टी.चा एक ड्रायव्हर म्हणाला, चिखलात जीप अशी वळत नाही, मागून घसरते. शाळेतल्या मास्तरांचं म्हणणं, वळणं फार आहेत आणि त्यातून शिकण्यासारखं काही नाही. कोणाला स्टेअरिंग जड वाटे, कोणाला गाडी डावीकडं ओढते असं वाटे. नाला फार एकाएकी येतो, ही तक्रार तर सगळ्यांचीच. तांड्यावरची रुपाबाई मोळी विकून झाली की दोन डाव खेळे आणि म्हणे, "गाडी गुणाची हाये. सांभाळून घेते."

नाला येण्याआधी कापडाची शिवण वच्छलाच्या बोटांखालून जाई. तिथं ठरवायचं. आवाज आवडला तर मनगट सैल सोडायचं. शेखी मिरवणारा असला तर दोन वेढे भरकन. घरात भाजी कोणती करायची हेसुद्धा तिला तीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. पण आठवड्यातून एक दिवस तीन गावांचे मिशीवाले गडी नाल्यात पडायचे की पार व्हायचे, हे तिच्या मनगटावर होतं, आणि तो दिवस ती कशासाठीही चुकवत नसे. एकदा तापातही गेली होती.

"दुसरं माणूस कायले?" माणिकराव म्हणाले. "येत्या बाजारी मीच फिरवतो. तू समोर बस, पैसे घे. एकसारखं चाललं, कोणाची तक्रार नाही आली, तं त्याच्यापुढं तू घरीच राह्य. समोर अंजना बसन."

वच्छला उठली. ताटं उचलून ती मोरीकडं गेली.

केनवडच्या बाजारात माणिकराव पडद्यामागं गेले आणि मनात एक-दोन-तीन म्हणत दांडा फिरवू लागले. वच्छला पहिल्यांदाच खोक्याच्या पुढच्या बाजूला बसली. रस्ता चांगला रंगवला होता, हे तिला तेव्हा कळलं. शिवताना तो उलटासुलटा पाहिला होता, चालताना नव्हता.

रुपाबाई आली. नाल्यात एकामागून एक तीन घंट्या झाल्या. "आज काय झालं इले?" म्हणत तिनं स्टेअरिंगवर हलकी चापट मारली, पदर सावरला आणि गेली. दुसरा डाव मागितला नाही.

मग ग्यानबाचा तो आवाज आला. "हं, लाव रे तुही खटारा!"

वच्छलानं मान वर केली. दोन वर्षं या आवाजाला तिनं मनात एक देह दिला होता, पैलवानी, तुपावर वाढलेला. समोर एक वाळका म्हातारा उभा होता. उजव्या हाताला अंगठा आणि एक अर्धं बोट, बाकी मळणीयंत्रानं नेलेलं. तो तळव्यानं स्टेअरिंग ढकलत होता. पहिली घंटी झाली तरी त्याला कळली नाही. लोक हसले, तेव्हा त्यानं भोवती पाहिलं आणि ओरडून विचारलं, "वाजली का?"

बहिरा माणूस ओरडूनच बोलतो. हे वच्छलाला कोणी शिकवायची गरज नव्हती, तिचा बाप तसाच होता.

एकसारख्या चालीनं नाला आला, आणि ग्यानबा तळव्यानं ढकलत ढकलत पार झाला. पोरांनी टाळ्या पिटल्या. त्यानं वच्छलाच्या हातावर पुढच्या डावाचं नाणं ठेवलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई, मले वाटे या मशीनचा माह्यावर काही राग हाये!"

संध्याकाळी खोका घरात ठेवून माणिकराव हातपाय धुऊन बसले. खांदा दुखत होता, पण चेहरा खुलला होता. "ग्यानबाचं ऐकलं ना? खोट निंगाली का नाही?"

"निंगाली."

"मंग ठरलं तं."

"त्याच्या हाताले बोटं नाहीत, हे तुमी मले कधी सांगतलं नाही."

"तू इचारलं नाही."

"मांगं गोणपाटात तोंड घालून काय इचारू? मी आवाजावर माणूस तोलत गेली. दोन वर्षं त्या म्हाताऱ्याले नाल्यात पाडलं." ती कणीक मळायला बसली. "आन् रुपाबाई आज दुसऱ्या डावाले थांबली नाही, ते तुमाले मांगून दिसलं?"

माणिकराव खांदा चोळत राहिले. "एकसारखं म्हंजे एकसारखं. कोणाले कमी-जास्त नाही."

"बोटं सगळ्याइले एकसारखी हायेत का?"

अंजना दिव्याची काच पुसत होती, ती थांबली. माणिकरावांना बोलणं कुठं चाललं आहे याचा अंदाज आला असावा. ते घाईनं म्हणाले, "पडदा काढला तं लोक म्हणतीन, बायकोच्या हातानं चालते."

"बायकोच्याच हातानं चालते."

मग तिनं परातीतून हात काढला आणि दोघांकडं पाहून, रोजच्या आवाजात सांगितलं, "पुढच्या बाजारी पडदा लागणार नाही. दांडा मी फिरवन, समोरच्या माणसाकडं पाहून फिरवन. अंजना, तो गोणपाट दारात टाक, पाय पुसाले."