आत्याची उंच उडी

आमची आत्या मुलींच्या शाळेत खेळाची बाई होती. तिच्याकडे बघून हे कुणाला पटायचं नाही. अंगानं ऐसपैस, गुडघे कुरकुरणारे, आणि शिट्टी अशी वाजवायची की भूमितीच्या बाईंच्या हातून खडू पडायचा. मुख्याध्यापकांचं तिच्याविषयी मत चांगलं नव्हतं. तिचंही त्यांच्याविषयी नव्हतं, त्यामुळे फिटंफाट होती.

तिच्याकडे सरावाला एक लांबडी मुलगी यायची. सगळ्या तिला शिडी म्हणत. एकदा अख्ख्या शाळेसमोर उंच उडी मारताना शिडीचं बूड दांडीला लागलं आणि ती दांडीसकट गादीवर आपटली. शाळा खो खो हसली, मुख्याध्यापकसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून सरावाच्या वेळी शिडीच्या पोटात दुखायला लागलं. तिचं बघून आणखी दोघीतिघींच्याही.

आत्या सरळ शिडीच्या वडिलांच्या शिवणकामाच्या दुकानात जाऊन बसली. ते म्हणाले, पोरीत दम नाही, उगाच हसं कशाला करून घ्यायचं? आत्यानं वाद घातला नाही. मागे बटणं लावत बसलेल्या शिडीला तिनं एवढंच सांगितलं, की उद्या दांडी लावायला कुणीतरी हवंय, उडी मी मारणार आहे.

दुसऱ्या दिवशी पोट दुखणाऱ्या झाडून सगळ्या हजर. आत्यानं शिट्टी काढून ठेवली, देवाऐवजी मुख्याध्यापकांचं नाव घेतलं आणि धावत सुटली. दांडी गेली, खांब आडवा झाला, गादी फाटून कापूस बाहेर आला. मुली हसून हसून बेजार. आत्याही पडल्या पडल्या पोट धरून हसत होती. मग तिनं शिडीपुढे हात केला.

"उठव मला. सगळ्या हसल्या, पण माझा जीव गेला का? आता तू मार."

"परत पडले तर?"

"पड की. गादी कशाला आहे मग?"

शिडी पडली. पुन्हा पडली, मध्ये थोडी रडलीही, पण घरी जाताना उद्या किती वाजता यायचं ते विचारून गेली.

पदकबिदक काही मिळालं नाही. स्पर्धेत ती शेवटून दुसरी आली, आणि तेच मिरवत फिरली. सराव मात्र तिनं शाळा संपेपर्यंत सोडला नाही. गादी तिच्या वडिलांनी कुरकुरत शिवून दिली. आत्या बरेच दिवस लंगडत होती. गादी फाटलीच कशी, याचा मुख्याध्यापकांनी खुलासा मागितला, तेव्हा ती त्यांच्या खोलीत जाऊन म्हणाली, "वजन, सर," आणि लंगडत मैदानावर गेली.