मंजूचं स्थळ दरबारात

माझ्या बहिणीच्या होणाऱ्या सासऱ्यांना मी पहिल्यांदा भेटलो, तेव्हा त्यांच्या हातात भाला होता.

तो भाला त्यांच्या हातात कसा गेला आणि त्यात माझा दोष किती, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. (म्हणजे बाकी सगळ्यांचं आहे. फक्त मी त्यात नाही.)

सोलापुरात आमचा दगडी बंगला आहे. पणजोबा कापसाचे व्यापारी. त्यांना कुणीतरी कुठल्याशा संस्थानिकाचा राजवाडा दाखवला आणि झालं! तसेच खांब, तसंच झुंबर, तसाच दरबाराएवढा दिवाणखाना. फक्त दरबार भरवायला प्रजा नव्हती. आज अप्पा, आई, धाकटी बहीण मंजू आणि मी मागच्या तीन खोल्यांत राहतो. मंजू सायकल चालवायला शिकली ती त्या दिवाणखान्यात. त्यापलीकडे त्याचा उपयोग कुणाला सापडला नव्हता.

तो मालिकावाल्यांना सापडला. बंटी नावाचा त्यांचा प्रॉडक्शन मॅनेजर आला, त्यानं एका खांबाला मिठी मारली आणि म्हणाला, "सर, हाच आमच्या महाराजांचा वाडा!" शूटिंगला शनिवार ठरला. रविवारी मंजूला बघायला अकलूजचे पाहुणे यायचे होते. मध्ये अख्खी रात्र होती. यापेक्षा चोख नियोजन काय असतं?

शनिवारी महाराजांचा घोडा पायऱ्या चढेना. आधी गूळ दाखवून झाला, मग दिग्दर्शकाचे हात जोडून झाले. संध्याकाळपर्यंत महाराज घोड्यावर आणि घोडा अंगणात!

"सर, उद्या फक्त दोन तास," बंटी म्हणाला. "दरबाराचा सीन तेवढा राहिलाय."

"अहो, उद्या पाहुणे आहेत!"

"मग काय झालं? आमची माणसं पुढच्या फाटकानं येतील, तुमचे पाहुणे मागच्या. एकमेकांना दिसणारसुद्धा नाहीत!"

अप्पा म्हणाले, "पाहुण्यांना पुढच्या रविवारी या म्हणू की." पण हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं. मुलगा अजित साखर कारखान्यात केमिस्ट, मंजू कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, आणि नुसता फोटो बघून मंजू पहिल्यांदाच "बघू" म्हणाली होती. (आधीच्या सगळ्यांना ती "बघू नका" म्हणाली होती.)

"मी सांभाळतो," मी म्हणालो. हे ऐकून आईनं देवापुढे दिवा लावला.

रविवारी सकाळी जनरेटरची गाडी नेमकी पुढच्या फाटकात बंद पडली. ज्युनियर कलाकारांचा टेम्पो आत येईना, म्हणून बंटीनं तो मागच्या फाटकाकडे पिटाळला. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी मागच्या दारात हात जोडून उभा! टेम्पोतून पाच जण उतरले. धोतर, अंगरखा, डोक्याला फेटे.

"पाहुणे टेम्पोनं आले?" आई पुटपुटली.

"साधी माणसं आहेत गं," मी म्हणालो आणि पाचही जणांना मधल्या खोलीत नेऊन बसवलं. त्यांच्यात एकच तरुण होता, म्हणजे तोच मुलगा.

"फोटोत चष्मा होता की रे," आई म्हणाली.

"लेन्स लावल्या असतील!"

पोहे आले. पाहुण्यांनी ते असे खाल्ले की आईला आणखी टाकावे लागले. अप्पांनी घसा साफ केला. "बायकामंडळी कुणी आली नाहीत?"

"बायकांचं काल झालं," मुलगा म्हणाला.

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"बरं, सध्या काम काय करता आपण?"

"सध्या सरदाराचा मुलगा आहे."

"घराणं चांगलंय म्हणा की! आणि त्याआधी?"

"त्याआधी प्रेत होतो."

आईच्या हातून झारा पडला. मंजू मात्र ट्रे घेऊन दारात उभी राहिली आणि हसू दाबत म्हणाली, "दादा, हे आपले पाहुणे नाहीत. आपले कुठं आहेत ते बघ आधी!"

आपले पाहुणे पुढच्या फाटकात उतरले होते. (मागच्या फाटकानं या, हे त्यांना कळवायचं माझ्याकडून राहिलं होतं.) फाटकाला झेंडूची तोरणं आणि दोन्ही बाजूला मशाली. आबासाहेब, म्हणजे अजितचे वडील, खूश झाले. "बघितलं का? किती हौशी माणसं हायेत!" जनरेटरच्या गाडीला वळसा घालून तिघं आत आले. आबासाहेबांना फेटा होताच, वर भरघोस मिशा. बंटीच्या असिस्टंटला वाटलं, उशिरा आलेले ज्युनियर! "चला चला, पटकन!" म्हणत त्यानं अजितला चष्मा काढायला लावून अंगरखा चढवला, हातात चवरी दिली, त्याच्या आईला दागिने घालून राणीमागे उभं केलं आणि आबासाहेबांच्या हातात भाला दिला. मेकअपवाल्यानं त्यांची मिशी ओढून पाहिली.

"आरं, खरी हाय ती!" आबासाहेब ओरडले.

"फार नॅचरल!" दिग्दर्शक लांबून म्हणाला. "असाच राग ठेवा, मामा!"

इकडच्यांची काहीतरी पद्धत असेल, असं समजून ते राग ठेवून उभे राहिले.

अशा वेळी मी दरबारात धावत शिरलो. समोर भालाधारी दरवान.

"ओ मामा, बाजूला व्हा! त्या भाल्यानं झुंबर फुटेल. आमचे अकलूजचे पाहुणे बघितले का कुठं?"

"आमीच की अकलूजचे!"

"अहो, तुम्ही मधे मधे बोलू नका. चांगली घरंदाज माणसं आहेत ती!"

आबासाहेबांनी भाला जमिनीवर आपटला. "मग आमी काय दिसतुया तुमाला?"

त्याच क्षणी राजाच्या मागे चवरी ढाळणाऱ्या पोरानं खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर लावला. फोटोतला अजित! मला आयुष्यात सुचलेला एकमेव शहाणपणा म्हणजे मी आबासाहेबांचे पाय धरले.

"कट! पण सुंदर!" दिग्दर्शक ओरडला.

"चल गं, घरी जायाचं," आबासाहेबांनी बायकोला हाक मारली.

"मी न्हाय येत," त्या राणीमागून म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं एवढं डागिनं पहिल्यांदाच अंगावर पडल्यात. सीन व्हऊ द्या की!"

बंटीनंही हात टेकले. ही माणसं एका शॉटमध्ये आली होती, आता मधूनच गायब कशी करणार? त्याचे दोन तास संध्याकाळपर्यंत चालले. आबासाहेबांना आईनं शेंगापोळ्या वाढल्या आणि तिसऱ्या पोळीला त्यांचा आवाज खाली आला. मंजू आणि अजित जिन्याच्या पायरीवर बसून बोलत होते. तो अंगरख्यात, ती पोह्यांचा ट्रे मांडीवर घेऊन. काय बोलत होते देव जाणे, पण मी दिसलो की दोघंही हसायचे. जाताना आबासाहेब म्हणाले, "पोरगी पसंत हाय. भाऊ चालवून घेऊ."

लग्न झालं. महिन्याभरानं तो भाग टीव्हीवर लागला. आमच्या घरी आबासाहेबांसकट सगळे जमले. दरबार आला, अजितची चवरी आली, विहीणबाईंची नथ चमकली. आणि एकदम पडदाभर माझा चेहरा! घामाघूम, डोळे फिरलेले. माझ्या हलणाऱ्या ओठांवर त्यांनी दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज चिकटवला होता: "महाराज, मी महामूर्ख आहे! क्षमा असावी!"

"हा माझा आवाज नाही!" मी ओरडलो.

"आवाज नसेल," आई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "पण बाकी चूक कुठंय?"