अकरा माणसांची टाकी

रिकामं बसणं मला जमत नाही. थळच्या कारखान्यात पाण्याच्या विभागात सगळी नोकरी काढली, निवृत्त होऊन बोर्ली पंचतनजवळच्या गावी बायकोसह राहायला आलो, तरी सकाळी उठल्यावर पहिला हात पंपाच्या बटणाकडेच जातो. त्यात आमच्या बोअरच्या पाण्यात लोखंडाचा अंश. उपसताना पाणी अगदी स्वच्छ, पण तासाभरात बादलीच्या बुडाशी तांबडा गाळ. आम्हा दोघांना त्याची सवय झाली होती.

गेल्या गणपतीत मुलगा-सून, मुलगी-जावई, नातवंडं, व्याही मिळून घरात अकरा माणसं होती. सुनेने नातीचा पांढरा फ्रॉक धुतला आणि तो विटकरी होऊन वाळला. तिने तो तसाच घडी करून बॅगेत ठेवला. निघताना गाडीत बॅगा ठेवता ठेवता मुलगा म्हणाला, "बाबा, पुढच्या वर्षी गणपती खारघरला आमच्याकडेच बसवू या का? इथे पाण्याचं फार होतं." मी "बघू" म्हणालो. त्या दिवसापासून जिवाला चैन नाही. गणपती तिकडे गेला की त्याच्या मागोमाग माणसंही गेली, हे मला कोणी सांगायला नको होतं.

म्हणून पाणी गाळायची सोय करायला घेतली. रीत साधी आहे. पाणी आधी जाळीतून शिंतडत पाडायचं, म्हणजे हवा लागून त्यातलं लोखंड तांबडं होतं. मग टाकीत काही तास स्वस्थ ठेवायचं, गाळ खाली बसतो. उरलासुरला वाळूच्या थरात अडकतो. टाकी केवढी आणि वाळूचा थर केवढा, हे सगळं एकाच आकड्यावर ठरतं. गवंडी दोरी लावून उभा होता.

"काका, मानसं किती हायत घरात?" त्याने विचारलं.

"अकरा," मी म्हणालो.

"दोन," ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली बायको म्हणाली.

गवंडी आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघायला लागला.

"अहो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. पाच दिवसांसाठी एवढा हौद कशाला?"

"कारखान्यात जास्तीत जास्त वापर धरूनच टाकी बांधतात," मी तिच्यावर खेकसलो. खरं तर कारखान्याचा काही संबंध नव्हता. दोन हा आकडा मला माझ्या हाताने कागदावर लिहायचा नव्हता.

अकरा माणसांची टाकी झाली. सुरुवातीला पाणी सुरेख आलं. मी रोज पेल्याचा फोटो मुलाला पाठवायचो, तो अंगठा पाठवायचा. मग टाकीला वास यायला लागला. दोन म्हातारी माणसं वापरून वापरून किती पाणी वापरणार? आठ-आठ दिवस तेच पाणी पडून राहायचं. आणि पावसाच्या तोंडावर नळाला पुन्हा तांबडं पाणी आलं.

वाळूत गाळ भरला होता. ती धुवायला खालून वर जोरात पाणी मारावं लागतं. वाळू उचलली गेली तरच गाळ सुटतो. मी पंप लावला. मध्यभागी चार बुडबुडे आले आणि वाळू ढिम्म. थर रुंद, पंप लहान. मोठा पंप लावावा तर बोअरला तेवढं पाणी नाही. ज्या चुकीसाठी कारखान्यात नव्या पोरांना मी उभं-आडवं झापलं, तीच मी घरी केली होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मला गणित येत नव्हतं असं नाही. मला अकरा माणसं हवी होती, म्हणून मी पंपाकडे बघितलंच नाही.

चार दिवस नुसता येरझारा घालत होतो. कॉक उघड, कॉक बंद कर. जेवण अर्धवट टाकून पुन्हा टाकीपाशी. शेवटी बायको म्हणाली, "प्रदक्षिणा घालून वाळू हलणार आहे का?"

पाचव्या दिवशी मी घमेल्याने वाळू उपसली आणि त्यातली थोडी एका अरुंद निळ्या पिंपात भरली. गवंड्याला बोलावून टाकीत आडवी भिंत घातली, एका दिवसाचं पाणी मावेल एवढीच जागा ठेवली. मोजमापाच्या कागदावर दोन लिहिलं. पंप लावल्याबरोबर पिंपातली वाळू नाचायला लागली, तांबडा लोंढा बाहेर पडला आणि मग नितळ पाणी. मला बरं वाटलं आणि त्याच वेळी रडूही आलं.

श्रावणात मुलाचा फोन आला. "बाबा, मूर्ती सांगायची आहे. कुठे बसवायची ते आज ठरवू. पाणी कसंय?"

"फर्स्ट क्लास."

"अकरा जणांना पुरेल ना?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं होतं. बायको समोर उभी होती. "नाही," मी म्हणालो. "दोघांपुरतंच आहे. गाळणीला रोज थोडं थोडं पाणी चालतं. वर्षभर काही नाही आणि पाच दिवस पूर, हे तिला झेपत नाही."

"मग आम्ही?" त्याने विचारलं.

गणपती घेऊन जायला निघालेला हाच, आणि घरात आपल्याला मोजलं नाही म्हणून मनाला लागलं तेही त्यालाच. मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

"तेच विचारतोय रे," मी म्हणालो. "या घरात माणसं किती, एवढं एकदा सांग. बाकीचं गणित मला येतं."