आबांनी पेरलेलं आईचं रान

आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, लग्नाआधी काही वर्षं पाटोद्याच्या तहशिलीत निजाम सरकारचे शिपाई होते. नोकरी सुटली, पण बंदोबस्त सुटला नाही. दोरखंड त्याच खुंटीला, विळा त्याच कोनाड्यात, आणि आम्ही दोघी बहिणी भाकरी खायला ठरल्या जागीच बसायचो. आई नेमकी उलटी. चुलीपाशी करडू बांधायची, पदराच्या गाठीत कसलं ना कसलं बी असायचं. आबा ओरडायचे, ती हसायची, आणि घर चालायचं. आबा ओरडले नसते तर घराचा उकिरडा झाला असता, हेही खरं.

पेरणीलाही तेच. आबा पेरणीची पाभर धरून तिच्यावरच्या चाड्यातून, म्हणजे लाकडी वाटीतून, बाजरी सोडायचे. तास अगदी सरळ पडायचं. मागून आई मोघण, म्हणजे बांबूची पोकळ नळी, ओढत चालायची आणि ओटीतलं बी तिच्यात सोडायची. तूर, चवळी, बांधाकडं अंबाडी, कडेच्या मोकळ्या जागेत खरबुजासारखी छोटी शेंदाडं.

"बाजरीत बाजार कावून भरवतीस?" आबा पुढून विचारायचे.

"लेकरं रानात आली तर हाताला काय तरी लागावं की," आई म्हणायची.

प्लेग आला तेव्हा सारा गाव रानात झोपड्या घालून राहिला. आई तिथंच प्लेगनं गेली. गावात परतल्यावर आबांनी घर लख्ख केलं, करडू देऊन टाकलं. सगळं जागच्या जागी आलं आणि धाकटी बोलेनाशी झाली. ठरल्या जागी बसायची, भाकरी तशीच ठेवून उठायची. आबा ती भाकरी मुकाट्यानं झाकून ठेवायचे. मला त्यांचा फार राग यायचा, अजूनही थोडा येतो.

आष्टीची आत्या भेटायला आली. "दादा, पोरगी वाळत चाललीया. मी नेते," म्हणाली.

आबांनी मान खाली घातली. "ने. गौरीच्या सणाला आणतो माघारी," एवढंच म्हणाले.

त्या साली आबांनी आईसारखं पेरायचं ठरवलं. धाकटीला आपलं रान ओळखू यावं आणि तिनं राहावं, एवढीच त्यांची आशा होती. मोघण मी धरते, असं मी म्हणाले, तर आबा "तुला न्हाई जमायचं" म्हणाले. सगळं बी बाजरीत कालवून त्यांनी एकाच चाड्यातून सोडलं. आई मागून काय सोडते, कुठं सोडते, हे त्यांनी कधी वळून पाहिलंच नव्हतं. चवळी बाजरीवर चढली, वेलांनी ताटं आडवी केली, आत पाय ठेवायला वाट उरली नाही.

आबा बांधावर बसून बघत राहिले. "मला वाटायचं, कसंबी टाकती," ते म्हणाले. "तिच्या हाताला समदं ठावं होतं." आबांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. माझा राग त्या दिवशी तेवढा उरला नाही.

गौरीला धाकटी आली. अंगानं भरली होती, आत्याच्या पोरांच्या खोड्या सांगून हसत होती. आबांनी तिला रानात नेलं, गुंत्यात शिरून एक पिकलं शेंदाड शोधून दिलं. तिनं ते आवडीनं खाल्लं. आबांचा चेहरा उजळला.

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, आपला परकर नीट घडी करून गाठोड्यात ठेवला आणि आबांपाशी येऊन उभी राहिली.

"आबा, मला घरी कवा नेऊन सोडता?"

आबा उठले आणि बैलगाडीच्या चाकांना वंगण घालायला लागले.