मीच म्हणालो, देवाला विचारा

मित्रहो, हे पत्र वाचून नेहमीसारखं पुढच्याकडे द्या. आज दुपारी घडलं ते मनातून जात नाही.

माझी विधवा मुलगी सुमती मराठी सातवीची फायनल पास झाली आणि लोकल बोर्डाने तिला उमरठपलीकडच्या एका वाडीची शाळा दिली. तिची ही पहिलीच नोकरी. आज तिला घेऊन मी तिथे गेलो.

शाळा देवळात भरते. गावकरी अडून बसले. "पांढऱ्या कपाळाची बाई रोज देवळात बसणार? देवाला चालंल काय?"

मला देवाचा भरवसा. मीच म्हणालो, "मग देवालाच विचारा."

गुरवाने मूर्तीला दोन्ही बाजूंना फुलं लावून कौल मागितला. उजवं पडलं तर होकार. पडलं ते डावं.

"आमचं काय नाय, अण्णा," गावचा म्होरक्या हात जोडून म्हणाला. "तुमीच इचारा म्हनलात."

परतताना पोलादपूरच्या वाटेवर सुमती म्हणाली, "अण्णा, परीक्षा देऊन पास झाले होते मी. मला फुलांच्या हवाली का केलंत?"

संध्याकाळी देवापुढे दिवा लावायला हात उचलला नाही. तुम्ही तिला काय उत्तर दिलं असतंत?